डाक बंगल्याच्या काळातले पाहुणे आपल्यापेक्षा शहाणे होते. पटतंय का?

वाटसरू: परवा एका लॉजवर होतो, शेजारच्या रूममधल्या मंडळींनी रात्री दीडपर्यंत पॅसेजमध्ये स्पीकर लावला आणि सकाळी टॉवेलने बूट पुसून तिथेच फेकून गेले. इंग्रजांच्या वेळचा डाक बंगला, म्हणजे प्रवाशांसाठीचं सरकारी विश्रामगृह, आठवा. अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यायचं, रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने नाव, कधी आलो कधी निघालो सगळं लिहायचं, आणि चोवीस तास झाल्यावर नवा प्रवासी आला तर मुकाट्याने खोली सोडायची. आज सोडेल कोणी?

घाटावरचा: मुकाट्याने कसलं हो, नियमच होता. दोन-चार खोल्या, पुढचा बंगला कित्येक मैल लांब, मग दुसरं करणार काय? आणि खानसाम्याचे, म्हणजे तिथल्या स्वयंपाक्याचे, हाल विचारा जरा. साहेब अवेळी टपकला की अंगणातल्या कोंबडीमागे पळायचं, ती तासाभरात ताटात. 'सडन डेथ' म्हणायचे तिला साहेब लोक.

माई: आमची आजी पंढरपूरच्या धर्मशाळेत उतरायची, जाताना चूल सारवून राख भरून मगच निघायची, कोणी सांगायला लागायचं नाही. वाटसरूंचं बरोबरच आहे.

नाममात्र: माई, तुमच्या आजींना आत घेतलं तरी. 1917 साली बाबासाहेब अमेरिका-इंग्लंडात शिकून बडोद्याला नोकरीला गेले तर हिंदू हॉटेलात जागा मिळेना, शेवटी पारशी नाव लिहून पारशांच्या धर्मशाळेत राहावं लागलं. अकराव्या दिवशी डझनभर लोक काठ्या घेऊन दारात, संध्याकाळपर्यंत खाली कर म्हणून. उच्चशिक्षित माणूस, ना दंगा ना थकबाकी. तुमचं ते लाडकं रजिस्टर अशाच कामाला यायचं.

वाटसरू: रजिस्टरचं कौतुक मागे घेतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. चोवीस तासांचा नियम मात्र चांगलाच होता, साहेब असो वा कोणी, आधी आलेल्याने उठायचं.

घाटावरचा: तो अजून चालू आहे की! सरकारी रेस्ट हाऊसला बुकिंग करून गेलो होतो, जेवायला बसलो तोच 'मंत्रीसाहेब येतायत, रूम सोडा'. चोवीस कसले, चार तास पण झाले नव्हते.

माई: 😂 मग सोडलीत का?

घाटावरचा: सोडली. टॉवेलसुद्धा घडी घालून ठेवला, वाटसरूंना सांगा.