मदत हवी आहे: नवीन कोर्सचा प्रस्ताव, आधी एआयसीटीई की आधी मंत्रालय?

टेबलावरची_फाइल
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आमच्या कॉलेजला पुढच्या वर्षापासून दोन नवीन कोर्स सुरू करायचेत आणि प्रस्ताव माझ्या गळ्यात आलाय. प्राचार्य म्हणतात एआयसीटीईचं, म्हणजे दिल्लीच्या तंत्रशिक्षण परिषदेचं, पोर्टल उघडलंय, आधी तिथे अर्ज टाका, बाकीचं मागाहून बघू. आमचे हेडक्लार्क म्हणतात मंत्रालयातून पत्र आल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. दोघंही ठाम, आणि मी मधे. फोन करून बघितले तर जो तो दुसऱ्या कार्यालयाकडे बोट दाखवतो. कुणी हे आधी केलं असेल तर नेमका क्रम सांगा. प्रस्तावाचा नमुना असेल तर तोही द्या. हँडबुक वाचा असं कृपया कुणी सांगू नका, वाचलंय.

माटुंगा_पूर्व
कसले कोर्स? डिगरी की डिप्लोमा? कॉलेज सरकारी, अनुदानित की खाजगी? ऑटोनॉमस आहे का? प्रत्येकाची वाट वेगळी आहे, हे न सांगता क्रम कसा सांगणार?

लेथमशीन
पोर्टल उघडलंय ना, मग अर्ज टाका आणि मोकळे व्हा. खिडकी बंद झाली की वर्ष गेलं. आम्ही आमच्या कॉलेजात एआय अँड डेटा सायन्स असंच सुरू केलं, ट्रस्टींनी ठराव केला, अर्ज गेला, अप्रूव्हल आलं, जूनमध्ये वर्ग भरले. मंत्रालय वगैरे आम्हाला कुठे आडवं आलं नाही.

हिरवी_शाई
लेथमशीन, तुमचं खाजगी विनाअनुदानित असणार. ट्रस्टींचा ठराव म्हणजे तुमच्याकडे पगाराची हमी. सरकारी कॉलेजात पगाराची हमी कोण देणार, प्राचार्य? धागाकर्त्यांनी मंत्रालय लिहिलंय म्हणजे सरकारीच दिसतंय, पण त्यांनी स्वतः सांगितलेलं बरं.

दहावीची_आई
माफ करा, मधेच विचारतेय. माझी मुलगी यंदा दहावीला आहे, तिला मेकॅनिकल आवडतं पण सगळे म्हणतात कॉम्प्युटरच घे. नवीन कोर्सला पहिल्या वर्षी अॅडमिशन घ्यावी का? धोका असतो का?

टेबलावरची_फाइल
मंत्रालय म्हटल्यावर सरकारीच असणार ना. बरं, सगळं लिहितो. सरकारी पॉलिटेक्निक, मुंबई विभागातलं, नाव लिहीत नाही. मी राहायला दादरला म्हणून मंत्रालयाच्या खेपा माझ्याकडे. ऑटोनॉमस नाही, एमएसबीटीईचाच, म्हणजे राज्य तंत्रशिक्षण मंडळाचाच, अभ्यासक्रम चालतो. एक कोर्स मेकॅट्रॉनिक्सचा (मेकॅनिकल अधिक इलेक्ट्रॉनिक्स) डिप्लोमा, ६० चा इनटेक, म्हणजे दरवर्षी ६० जागा. दुसरा डिगरीचा, तोही ६०, कॉम्प्युटरच्या अंगाने काहीतरी, नाव अजून ठरलेलं नाही. पदांचं काय असं मी विचारलं तर प्राचार्य म्हणाले तासिका तत्त्वावर माणसं घेऊ. आता क्रम सांगा.

हिरवी_शाई
आता नीट बोलता येईल. मी याच खात्यात नोकरी केली, निवृत्त झालोय, अशा बऱ्याच फाइली वर जाताना आणि खाली येताना बघितल्यात.

आधी दोन्ही कोर्स एका प्रस्तावात घालू नका, हे अगदी पहिलं. डिप्लोमाचा तुमचा गाडा चालू आहे, त्यात एक शाखा वाढवायची आहे. डिगरी म्हणजे तुमच्या संस्थेची पातळीच बदलते. तिथे विद्यापीठाची संलग्नता आली, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यातला बृहत् आराखडा (कुठे कोणते कोर्स हवेत याचा विद्यापीठाचा आराखडा) आला, ग्रंथालयापासून अध्यापकांच्या पात्रतेपर्यंत सगळे निकष बदलले. एका फाइलमध्ये दोन्ही घातलेत तर डिगरीवरच्या त्रुटी निघत राहतील आणि त्यांच्यामागे डिप्लोमाही अडकून पडेल.

डिप्लोमाचं म्हणाल तर एआयसीटीई आणि शासन यांच्यात आधी कोण हा वाद घालत बसू नका, दोन्हीकडे एकाच वेळी चालवा. संस्थेचा प्रस्ताव सहसंचालक कार्यालयामार्फत महापालिका मार्गावर तंत्रशिक्षण संचालनालयात जातो, तिथून उच्च व तंत्रशिक्षण विभागात. त्याच वेळी पोर्टलवरचा अर्ज भरून ठेवा, त्याचे कागद साधारण तेच लागतात. पण एआयसीटीईची मान्यता आली म्हणजे कोर्स सुरू झाला असं सरकारी संस्थेत होत नाही. एआयसीटीई बघते जागा, लॅब, शिक्षकांचं प्रमाण. पैसे आणि पदं शासनाच्या हातात. तुमचे हेडक्लार्क चुकीचं सांगत नाहीयेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शासनाचा जीआर येईल त्यात एक ओळ असते, ती आधी वाचा. 'कोणतीही नवीन पदनिर्मिती न करता' किंवा 'शासनावर अतिरिक्त आर्थिक भार पडणार नाही या अटीवर'. ही ओळ आली की कोर्स मंजूर झालेला असतो आणि शिकवायला कोणी नसतं. नंतर पदं मागायला गेलात तर वित्त विभाग तीच ओळ तुमच्यापुढे ठेवतो, की तुम्हीच लिहून दिलं होतं ना. ६० चा इनटेक, तीन वर्षं, म्हणजे १८० मुलं. डिप्लोमाला एआयसीटीईचं प्रमाण १:२५, म्हणजे सातेक शिक्षक लागतात, शिवाय लॅबचे सहायक, वर्कशॉपची माणसं. हे सगळं प्रस्तावातच आकृतीबंध म्हणून, म्हणजे कोणती पदं किती याचा तक्ता करून, मांडा, पहिल्या वर्षी किती, दुसऱ्या वर्षी किती, असं टप्प्याटप्प्याने. पहिलं वर्ष बरंचसं सामाईक विषयांचं असतं, तेव्हा सगळी पदं एकदम मागायची गरज नाही, पण तिन्ही वर्षांची लेखी पाहिजेत.

लेथमशीन
शाई सर, आदर आहे, पण पदनिर्मितीची वाट बघितली तर फाइल उच्चस्तरीय समितीत जाणार, मग वित्त विभाग, मग पद मंजूर झालं तरी भरती एमपीएससीकडून. तोवर आजचा दहावीचा मुलगा नोकरीला लागलेला असेल. आधी कोर्स उघडा, मुलं आली की दबाव येतो आणि पदं येतात. कोर्सच नसेल तर पदं कशासाठी देतील?

हिरवी_शाई
दबाव येतो हे मी पण ऐकलंय. त्या दबावाच्या वर्षांत जी बॅच शिकते तिचं काय होतं ते बघितलंय का कधी? तासिका तत्त्वावरचा शिक्षक वाईट नसतो, त्यातले कित्येक फार जीव तोडून शिकवतात. पण तो तासाला येतो आणि तासाला जातो, चार महिन्यांनी दुसरीकडे लागला की विषय अर्धवट. प्रोजेक्ट कोण बघणार, लॅबच्या मशीनचं मेंटेनन्स कोण करणार, इंडस्ट्रीशी कोण बोलणार?

पहिली_बॅच
मी बोलू का, मी अशाच बॅचचा आहे. कॉलेजचं नाव घेत नाही. नवीन कोर्स म्हणून आम्ही हौसेने आलो, त्या शाखेचा पूर्णवेळ शिक्षक एकही नव्हता, शेजारच्या डिपार्टमेंटचे सर दोन्हीकडे धावायचे. किट तिसऱ्या वर्षात आलं, तेव्हा ते शिकवणारे सर सोडून गेले होते. शिकायचं ते आम्ही एकमेकांकडून शिकलो. आणखी एक सांगतो, ते कुणी आधी सांगत नाही. कोर्स महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, दिसायला हवा. आमच्या वेळी अॅडमिशन झाली, कॉलेज सुरू झालं, आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्ममध्ये आमच्या कोर्सचं नावच येईना. फीचा परतावा अडकला की गरीब घरात काय होतं ते मला माहिती आहे, माझ्या वर्गातल्या एका मुलीने त्यापायी जवळजवळ कॉलेज सोडलं होतं. तेव्हा सर, तुमच्या क्रमात शेवटी का होईना पण हे लिहा, मान्यता, मग संलग्नता, मग कॅपसाठी (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेसाठी) चॉइस कोड, आणि मग महाडीबीटीवर नोंद. अॅडमिशन सुरू व्हायच्या आधी.

टेबलावरची_फाइल
@पहिली_बॅच हे माझ्या कागदांमध्ये नव्हतंच. लिहून घेतलं. धन्यवाद.

माटुंगा_पूर्व
मेकॅट्रॉनिक्स म्हणजे शहाणपणाची निवड आहे, नाव ओळखीचं आहे आणि एमएसबीटीईकडे अभ्यासक्रम तयार आहे, के स्कीममध्ये, म्हणजे त्यांच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात. नवीन अभ्यासक्रम लिहीत बसायला नको. पण डिगरीचं नाव ठेवताना सांभाळा. आजकाल एआय, आयओटी, सायबर जोडून लांबलचक नावं ठेवतात आणि मग ज्युनिअर इंजिनिअरच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं फक्त कॉम्प्युटर किंवा आयटी. एआयसीटीईने २०१७ मध्ये कोणती नावं कोणत्या मूळ शाखेशी समकक्ष हे राजपत्रात दिलंय, तरी कागदपत्र तपासणीच्या टेबलावर मुलाला ते समजावत बसावं लागतं. साधं नाव ठेवा, विषय आत हवे तितके नवे घाला.

चर्चगेट_स्लो
नावाचं अगदी खरं. आणि मी तर म्हणतो मेकॅट्रॉनिक्सपेक्षा ईव्हीचा कोर्स काढा. बेस्टकडे बघा किती इलेक्ट्रिक बस आल्या, त्यांना दुरुस्तीची माणसं लागणारच.

लेथमशीन
त्या बस भाडेतत्त्वावरच्या आहेत, दुरुस्ती कंत्राटदाराकडे. पगार विचारा एकदा.

चर्चगेट_स्लो
पगार कमी म्हणून शिकवायचंच नाही का? या शहरात कोर्स कामामागे आले. गिरण्या होत्या म्हणून १८८७ ला भायखळ्याला व्हीजेटीआय उभं राहिलं, १९३३ ला युडीसीटी (मुंबई विद्यापीठाचा केमिकल टेक्नॉलॉजी विभाग) सुरू झालं ते टेक्स्टाइल केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनिअरिंग घेऊन. तेव्हा कुणी पदनिर्मितीचा जीआर शोधत बसलं नव्हतं.

हिरवी_शाई
तेव्हा वर्गणी आणि देणग्या होत्या, आणि शिकवायला माणसं आधी नेमली होती. वेगळा धागा काढा, मला त्यावर बोलायला आवडेल. इथे या मास्तरांना उद्या फाइल हलवायची आहे.

लेथमशीन
बरं, मग मधली वाट सांगतो, कारण मला खरंच वाटतं की कोर्स व्हावा. तुमच्याकडे अशी एखादी शाखा असेल जिच्या जागा दर वर्षी रिकाम्या राहतात. तिचा इनटेक कमी करा आणि तेवढाच मेकॅट्रॉनिक्सला दाखवा. पदं आहेतच, ती वळवायची. मेकॅनिकलवाला आणि इलेक्ट्रॉनिक्सवाला मिळून मेकॅट्रॉनिक्स शिकवू शकतो. शासनावर भार नाही आणि वर्गात पूर्णवेळ माणूस आहे.

हिरवी_शाई
याच्याशी मी सहमत आहे, फक्त एक अट. जागा रिकाम्या का राहिल्या ते आधी बघा. बऱ्याच ठिकाणी मूळ शाखेच्या जागा कॅपच्या पहिल्या फेरीत रिकाम्या दिसतात आणि थेट दुसऱ्या वर्षाला आयटीआय आणि बारावीची मुलं येऊन भरतात. पहिल्या वर्षाचा आकडा दाखवून शाखा कापली तर त्या मुलांची वाट बंद होते. तिन्ही वर्षांची पटसंख्या जोडा. आणि ज्या शाखेची पदं वळवणार तिथल्या शिक्षकांची लेखी संमती घ्या, नाहीतर ते बदलीचा अर्ज देतात आणि तुम्ही परत तासिकेवर.

टेबलावरची_फाइल
आमच्याकडे अशी शाखा आहे. दुसऱ्या वर्षाला मुलं किती येतात ते मी काढलेलं नाही, उद्या रजिस्टर बघतो. डिगरीचं काय करू? प्राचार्यांचा त्याच्यातच जास्त जीव आहे.

माटुंगा_पूर्व
डिगरी कोणत्या विद्यापीठाला जोडणार? मुंबई विद्यापीठ की लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, बाटू? त्यावर वेळापत्रक अवलंबून. आणि ६० च्या डिगरीला चार वर्षांत २४० मुलं, प्रमाण १:२०, म्हणजे १२ शिक्षक, त्यात प्रोफेसर आणि असोसिएट प्रोफेसरही हवेत. पॉलिटेक्निकच्या लेक्चररमधून ते निघणार नाहीत. प्राचार्यांना हा एकच हिशोब कागदावर दाखवा.

गोळ्या_बिस्किटं
फार्मसी काढायची असेल तर एआयसीटीईकडे जाऊ नका, फार्मसी कौन्सिलकडे जा. आर्किटेक्चरलाही वेगळी कौन्सिल आहे. बीबीए, बीसीए मात्र २०२४-२५ पासून एआयसीटीईत आले.

टेबलावरची_फाइल
फार्मसी नाही काढायची.

दहावीची_आई
माझ्या प्रश्नाचं राहिलं.

पहिली_बॅच
ताई, मुलीला मेकॅनिकल आवडतं तर मेकॅनिकलच घेऊ द्या, डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला डिगरीला जाता येतं. नवीन कोर्स असेल तर कॉलेजात जाऊन दोनच गोष्टी विचारा, या शाखेचे पूर्णवेळ शिक्षक कोण, आणि लॅब दाखवा. लॅब पुढच्या वर्षी येणार म्हणाले तर दुसरं कॉलेज बघा. आणि अॅडमिशन कॅपमधूनच घ्या, नाहीतर फीची सवलत मिळत नाही.

दहावीची_आई
खूप आभार. तिला वाचायला दिलं.

टेबलावरची_फाइल
प्राचार्यांशी बोललो. १८० मुलं आणि सात शिक्षक हा हिशोब लिहून नेला होता. मेकॅट्रॉनिक्सचा प्रस्ताव वेगळा पाठवायचं मान्य केलंय, इनटेक वळवून, आणि तीन वर्षांचा आकृतीबंध जोडून. पोर्टलवरचा अर्जही भरायला घेतोय. डिगरीची फाइल यंदा बाजूला, त्यावर ते नाराज आहेत पण ऐकलं. रजिस्टर काढलं तर दुसऱ्या वर्षाला आयटीआयची बरीच मुलं आहेत, त्यामुळे त्या शाखेचा पूर्ण इनटेक घेत नाही, निम्मा घेतोय. ३० च्या इनटेकवर लॅबची यंत्रसामग्री मंजूर होते का, की ६० असल्याशिवाय विचारच करत नाहीत? शाई सर, एवढं सांगा, सोमवारी फाइल जायची आहे.

हिरवी_शाई
इनटेकचा आकडा लिहू नका, यंत्रसामग्री एमएसबीटीईच्या प्रॅक्टिकलच्या यादीवरून मागा. पीएलसीचं (यंत्र आपोआप चालवणाऱ्या कंट्रोलरचं) किट ३० मुलांनाही लागतं आणि ६० ला पण. जे मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये आधीच आहे ते वेगळ्या रकान्यात दाखवा, उरलेलंच मागा. आकृतीबंधाचा तक्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवतो, रविवारी रात्रीपर्यंत.