गोव्यातला छोटा सॉफ्टवेअर धंदा: तुमचे अनुभव लिहा

दोन-चार माणसांची सॉफ्टवेअर कचेरी चालवणारे गोव्यात आपण पुष्कळ जण आहोत. कोणी म्हापशाच्या बाजारात माडीवर, कोणी मडगावात दंतवैद्याच्या शेजारी, कोणी फोंड्यात घराच्याच पुढच्या खोलीत. बातम्यांत नावे येतात ती गुंतवणूक मिळालेल्या कंपन्यांची. मला ऐकायचे आहे ते आपल्यासारख्यांचे. पैसा कुठून आला, कशाने अडला, कोणत्या वर्षी वाटले की आता नोकरी धरावी, आणि तरीही दुकान उघडे कसे राहिले?

गिऱ्हाइकाचे किंवा कंपनीचे नाव नको. रकमा सांगायच्या नसतील तर नका सांगू, पण काम काय होते ते नीट लिहा. फर्मागुडीच्या, फातोर्ड्याच्या कॉलेजांतून इंजिनिअर होऊन जी मुले हा धंदा करायचा विचार करत आहेत, त्यांना उपयोग होईल तो त्याचाच.

कुडचडेहून

मी लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातला. आमचा पहिला प्रोग्रॅम वजनकाट्याचा. रिकामा ट्रक काट्यावर चढला की वजन, भरून आला की पुन्हा वजन, वजाबाकी करून ट्रिपची पावती. काट्याच्या इंडिकेटरमधून नऊ पिनांची केबल कॉम्प्युटरला जोडायची आणि आकडा स्थिर झाल्याशिवाय उचलायचा नाही, यातच सगळी मेख. इंजिन चालू असले की आकडा हलत राहतो. ड्रायव्हरला घाई, मागे रांग, आणि कारकुनाचे बोट बटणावर. म्हणून लागोपाठ काही आकडे सारखे आले तरच पावती छापली जाईल अशी अट घातली. पावती डॉट मॅट्रिक्सवर, कार्बन लावून तीन प्रतींत. कॉम्प्युटरच्या पंख्यात तांबडी धूळ इतकी बसायची की गेल्या गेल्या आधी ब्रश हातात घ्यायचा, मग कीबोर्ड.

सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. ट्रकवाल्यांचे हप्ते थकले, खनिज वाहणाऱ्या बार्जी नदीत नांगरून राहिल्या, गॅरेजे आणि खानावळींना कुलपे लागली. आमची वर्षाच्या देखभालीची बिले तयार होती, पण मागायची कोणाकडे? दारात ट्रक उभा आणि हातात बँकेची नोटीस, अशा माणसाकडे मागायला जीभ रेटत नाही. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली, पण खाणी प्रत्यक्षात सुरू व्हायला २०१५ उजाडले. पुन्हा जम बसतो न बसतो तोच फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने खाणींची ८८ लीजे (भाडेपट्टे) रद्द केली आणि १६ मार्चपासून काम परत थांबले.

आम्ही तगलो ते त्याच काट्यावर. मार्च ते मे बागायतदार पोत्यांतून काजू आणतात, तिथे वजन, दर आणि रोख पावती लागते. भंगारवाले आहेत, खडीवाले आहेत, बर्फाचे कारखाने आहेत. प्रोग्रॅमचा गाभा तसाच ठेवून वरचे पडदे बदलले. मात्र खाणीच्या एका बिलात जे मिळायचे, त्यासाठी आता दहा-बारा गिऱ्हाइके सांभाळावी लागतात. पायपीट वाढली, पण मला हेच बरे वाटते. कुठल्याही एका धंद्यातून उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त येऊ लागले की मी दुसरीकडे गिऱ्हाईक शोधायला लागतो. नव्या मुलांनी यातले दुसरे काही घेतले नाही तरी एवढे घ्यावे.

म्हापशाहून, ही चर्चा सुरू करणारा

कुडचडेच्या काकांनंतर माझे लिहितो. माझी गिऱ्हाइके म्हणजे औषधांची दुकाने. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आम्ही करांचे दर प्रोग्रॅममधून काढून तक्त्यात टाकले: कोणत्या मालाला कोणता दर, आणि तो कोणत्या तारखेपासून. त्या वेळी भागीदाराला हे काम वाढवून ठेवल्यासारखे वाटले होते.

गेल्या वर्षी, ३ सप्टेंबर २०२५ ला, घरी नऊ दिवसांचा गणपती होता आणि विसर्जन दुसऱ्या दिवशी. रात्री उशिरा जीएसटी परिषदेचे निर्णय जाहीर झाले. बहुतेक औषधे १२ वरून ५ टक्क्यांवर, काही जीवनरक्षक औषधांवर शून्य, अंमल २२ सप्टेंबरपासून. आरती आटोपून बसतो तोच फोन वाजायला लागला. दर बदलणे सोपे होते, तक्त्यात नवी ओळ घातली की झाले. खरा घोळ काउंटरवर होता. कपाटातल्या गोळ्यांच्या पट्टीवर जुनी किंमत छापलेली, बिल मात्र नव्या किमतीचे, आणि गिऱ्हाईक दोन्ही आकडे बघून विचारते की हे काय? बिलावर जुनी आणि नवी किंमत शेजारीशेजारी छापायची सोय केली, तेव्हा काउंटरवरची मुले सुटली. आणि १८ तारखेला विकलेले औषध २४ ला परत आले तर त्याचा कर जुन्या दरानेच उलटवायचा. हे आपसूक झाले, कारण तक्त्यात तारीख होती.

ज्यांचा देखभालीचा करार चालू होता त्यांना सगळे मिळून गेले. ज्यांनी करार सोडला होता ते २१ तारखेला, रविवारी, दारात आले. मी त्यांच्याकडून पूर्ण वर्षाचे पैसे घेतले आणि त्याबद्दल माझे मत पक्के आहे. कायद्यातला बदल प्रोग्रॅममध्ये उतरवणे हे काम आहे, ते फुकट द्यायचे नसते. जो दरवर्षी इमानाने पैसे भरतो त्याच्यावर तो अन्याय होतो.

कळंगुटहून

हॉटेले आणि गेस्ट हाऊसची कामे. आमचे कॅलेंडर उलटे चालते. ऑक्टोबर ते मार्च मालकाला मान वर करायला वेळ नसतो, जून ते सप्टेंबर त्याच्याकडे पैसा नसतो. म्हणून बसवणे, शिकवणे, जुने आकडे चढवणे हे सगळे पावसात करायचे आणि बिल जानेवारीत लावायचे. एप्रिलमध्ये बिल काढले तर ‘फाल्यां दितां’ (उद्या देतो) ऐकत चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी येते.

अवघड दिवस ३१ डिसेंबर. एकच खोली चार संकेतस्थळांवर विक्रीला असते. एका ठिकाणी ती गेली की बाकी तिन्हीकडून तेव्हाच उतरायला हवी. एका वर्षी रस्ता खणताना ऑप्टिकल फायबर तुटला, मोबाइलच्या नेटवर्कवर आधीच पर्यटकांचा ताण, आणि खोल्या उतरल्याचे निरोप आमच्या सर्व्हरवरच अडकून पडले. पहाटे दोन कुटुंबे एकाच खोलीची पावती घेऊन काउंटरवर उभी. मालकाने शेजारच्या ओळखीच्या घरात सोय केली. आम्ही त्यानंतर साधा नियम घातला: निरोप अमुक मिनिटांत पोहोचला नाही तर प्रत्येक प्रकारातली शेवटची खोली आपोआप बंद. मालक म्हणतात एक खोली रिकामी राहते. राहू दे, असे मी त्यांना समजावतो. शिव्या खाण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

परदेशी पाहुणा उतरला की त्याची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म (आम्ही त्याला सी-फॉर्म म्हणत आलो) २४ तासांत भरायचा असतो. त्यासाठी पासपोर्टचा फोटो काढला की रकाने आपोआप भरतात, एवढे आम्ही दिले. याच एका सोयीवर जितकी विक्री झाली तितकी बाकी सगळ्या डेमोंनी मिळून झाली नाही.

फोंड्याहून

पतसंस्थांची कामे करतो. पिग्मीचा एजंट संध्याकाळी दुकानादुकानांतून रोजचे पैसे गोळा करतो, त्याच्या हातात छोटे यंत्र असते. ती यंत्रे महाग, बॅटऱ्या फुगलेल्या, म्हणून आम्ही फोनवर आणले. पण पहिल्याच चाचणीत एका वयस्क एजंटने फोन माझ्याकडे परत केला. उन्हात त्यांना आकडे दिसेनात, आणि काचेवर बोट नेमके पडेना. मग पडदा नव्याने केला. वर खातेदाराचे नाव, खाली तळहाताएवढी आकड्यांची बटणे, आणि नेहमीची रक्कम आधीच भरलेली. शंभर देणारा रोज शंभरच देतो, मग एजंटाला ते रोज का टाइप करायला लावायचे? पडद्याकडे न बघता ते पावती देऊ लागले, तेव्हा मला मोठे काम मिळाल्याइतका आनंद झाला.

वाईट भाग असा की गिऱ्हाईकच बुडू शकते. एका संस्थेत ठेवीदारांनी गर्दी केली, पैसे काढण्यावर मर्यादा आली. आमचे बिल गेलेच, शिवाय लोक आमच्या मुलाला विचारू लागले, ‘माझे पैसे कॉम्प्युटरात दिसतात, मग देत का नाही?’ त्याला उत्तर नव्हते. तरीही त्या संस्थेचा डेटा आम्ही शेवटपर्यंत सांभाळला, नोंदी लोकांच्या ठेवींच्या होत्या.

मडगावहून

ताईंचाही अनुभव हवा असे कोणीतरी म्हणाल, म्हणून लिहिते. माझे काम बाहेरच्या देशांतल्या गिऱ्हाइकांचे. निर्यातीवर जीएसटी शून्य, पण त्यासाठी दर आर्थिक वर्षी हमीपत्र भरावे लागते आणि बँकेकडून परकीय चलन आल्याचा दाखला गोळा करावा लागतो. पैसा चांगला, कागद पुष्कळ.

माझा प्रश्न माणसांचा. मुलगा तयार होतो, हात बसतो आणि बेंगळुरू किंवा पुणे त्याला दुप्पट देते. काही घरांत पोर्तुगीज पासपोर्ट निघतो आणि सगळे कुटुंबच युरोपात जाते. रडून उपयोग नाही, मीही त्यांच्या जागी गेले असते. मी शोध बदलला. बाळंतपणानंतर किंवा सासू-सासऱ्यांच्या आजारपणात नोकरी सोडलेल्या इंजिनिअर बायका आमच्या सासष्टी तालुक्यात गावोगाव आहेत. काम दुपारी एकपर्यंत, मुले शाळेतून यायच्या आत. त्यातल्या बहुतेक अजून माझ्याकडे आहेत. एकीने तर आमची पूर्ण चाचणीची पद्धत नव्याने बसवली. या बायकांना ‘अर्धवेळ’ म्हणून कमी पगार देऊ नका, ताशी दर तोच द्या. हे मी हात जोडून सांगते.

पर्वरीहून

थोडक्यात लिहितो. आमचे शिकवणी वर्गांचे ॲप, महिन्याच्या वर्गणीवर. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागले आणि चालू वर्गण्या एकामागून एक निकामी झाल्या. गिऱ्हाईक खूश, ॲप चालू, पैसा मात्र येईना. आम्ही प्रत्येकाला फोन करून वर्षाच्या वर्गणीवर आणले, दोन महिने माफ केले. आता वर्षाचा पैसा सुरुवातीलाच हातात येतो आणि शाळा सुरू होतानाच कळते की वर्ष कसे जाणार.

म्हापशाहून पुन्हा

उधारीबद्दल अनेकांनी खासगीत विचारले, म्हणून इथेच लिहितो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करा, ती फुकट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेली रक्कम गिऱ्हाइकाला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच दाखवता येते. मी बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापतो. मोठ्या हॉटेलांचे सीए मार्चमध्ये स्वतः फोन करतात. छोट्या दुकानदाराला मात्र हे दाखवू नये, तिथे ओळखीनेच मागावे.

डिचोलीहून

मी साठीच्या पुढचा. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरपासून सुरुवात, देवस्थानांच्या पावत्या, महाजनांच्या (देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या) याद्या, किराणा, सोसायट्या. कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो: तुम्ही थकलात तर गिऱ्हाइकांनी काय करायचे? एखाद्या देवस्थानाची अभिषेकाची नोंदवही माझ्या प्रोग्रॅमवर चालते आणि प्रोग्रॅम फक्त माझ्या डोक्यात, हे मला झोपू देईना.

माझी मुले या धंद्यात नाहीत. आयटीआय करून माझ्याकडे हार्डवेअर दुरुस्तीला आलेला मुलगा होता, त्याने हळूहळू सगळे शिकून घेतले. त्याच्याशी लेखी करार केला. देखभालीच्या उत्पन्नातला त्याचा हिस्सा दरवर्षी वाढत जाईल, माझा कमी होत जाईल आणि शेवटी धंदा त्याचा. एकरकमी विकत घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते आणि बाहेरच्याला विकायची माझी तयारी नव्हती. प्रत्येक गिऱ्हाइकाकडे आम्ही जोडीने गेलो आणि मी सांगितले की यापुढे फोन याला करायचा. काहींनी तरी मलाच केला. मी उचलला, ऐकले आणि फोन त्याच्याकडे दिला.

सोर्स कोड, पासवर्ड, कोणत्या गिऱ्हाइकाकडे कोणती आवृत्ती आहे याची यादी, हे सगळे त्याच्याकडे आणि एक प्रत वकिलाकडे ठेवली आहे. करारनामा वकिलाने मराठीतून करून दिला. कोणाला नमुना हवा असेल तर सांगा, नावे काढून देतो.