मदत हवी आहे: डिझेलमध्ये पाणी येतंय, टाकी धुतली तरी परत तेच (ता. खानापूर, जि. बेळगाव)

भातकरी, खानापूर

नमस्कार मंडळी. लावणीच्या तोंडावर अडकलोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी जरूर सांगा.

शेत जांबोटीच्या अंगाला. ट्रॅक्टर ४५ एचपीचा, जुन्या पद्धतीचा इनलाइन पंपवाला. सोबत एक पावर टिलर. पेट्रोल पंप लांब आणि पावसात रस्त्याची दैना, म्हणून आम्ही भाऊबंद मिळून मे महिन्यातच २०० लिटरचं बॅरल भरून ठेवतो. बॅरलमधून हातपंपानं कॅनमध्ये, कॅनमधून मशीनमध्ये, अशी आमची पद्धत.

धूळवाफ पेरणीची रानं उरकली तोवर काही त्रास नव्हता. पाऊस लागला, चिखलणी सुरू केली, तसा ट्रॅक्टर बिघडत गेला. सकाळी सुरू करताना पांढरा धूर. चिखलात रोटर (रोटाव्हेटर) टेकवला की आवाज बसतो, मिसिंग होतं (मध्येच एखादा सिलिंडर चुकतो), ॲक्सिलेटर दाबला तरी पिकअप नाही. मग बंदच पडतो. फिल्टरखालची काचेची वाटी उघडून उजेडात धरली. तळाला स्वच्छ पाणी, वर पिवळसर डिझेल आणि दोघांच्या मधोमध काळपट, बोटाला बुळबुळीत लागणारा थर.

गावातल्या मेकॅनिकनं टाकी उतरवून धुतली, दोन्ही फिल्टर नवे घातले, एअर (डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा) काढली. ट्रॅक्टर झकास चालला, पण थोड्याच दिवसांत वाटीत परत पाणी.

आता जितकी माणसं तितकी मतं. कुणी म्हणतं पंपवाल्यानंच भेसळ केली. कुणी म्हणतं टाकी अर्धी ठेवल्यावर आत वाफ धरते. कुणी म्हणतं हल्ली तेलात इथेनॉल घालतात त्याचं पाणी होतंय. पाणी नेमकं येतंय कुठून हे कसं शोधू? बॅरलमध्ये अजून निम्म्याच्या वर डिझेल आहे, ते वापरू की फेकू? आणि एवढं पाणी ओढून फ्युएल पंप, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी टोकं) गेले असतील का? रोप वाढून चाललंय, लावणीच्या बायका ठरवून ठेवल्यात. दोन्ही मशीन बसून राहिली तर यंदाचं गणित कोलमडेल.

निपाणीकर

पहिल्यांदा पंपावर जा दादा. त्या दिवसाची घनता तिथं लिहिलेली असते. हायड्रोमीटर आणि थर्मामीटर लावून तुमच्यासमोर मोजून दाखवा म्हणायचं, तो ग्राहकाचा हक्क आहे. १५ अंशांच्या हिशेबात आकडा ०.००३ पेक्षा जास्त सरकला तर गडबड. फिल्टर पेपरची चाचणी मात्र मागू नका, ती पेट्रोलची. डिझेलचा थेंब कागदावर डाग ठेवणारच.

नोझलवाला, उद्यमबाग

भाऊ, आधी एक सांगा. टिलरच्या वाटीतही पाणी आहे का? टिलरही त्याच बॅरलवर चालतो ना? यावरच अर्धं उत्तर आहे.

आणि तोवर एक काम करा: वाटीत पाणी दिसत असताना स्टार्टर मारत बसू नका. डिझेल हे पंपाच्या आतल्या भागांचं वंगणसुद्धा असतं. प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ते पंपातलं बॅरल म्हणतोय) यांच्यामधली फट मायक्रॉनमधली, तिथं पाणी गेलं की धातूवर धातू घासतो. रात्रभर पाणी आत बसलं तर गंज धरतो आणि सकाळी प्लंजर अडकलेला असतो. नोझलचं दुखणं वेगळं. गरम टोकाशी पाण्याची एकदम वाफ होते आणि टोकाची भोकं फाटतात. मग फवारा न पडता धार पडते, पांढरा धूर येतो. अशी टोकं आमच्याकडे पावसाळ्यात टेबलावर येतच असतात. तुमचा जुना पंप थोडंफार सोसतो, हजार बार दाबाच्या पुढं चालणारा सीआरडीआय (नव्या इंजिनातला कॉमन रेल) असता तर एवढ्यात पूर्ण बसला असता.

भातकरी, खानापूर

टिलरची वाटी आत्ताच बघून आलो. पाणी आहे. ट्रॅक्टरपेक्षा कमी, पण आहे. दोन्हीला एकाच बॅरलचं डिझेल.

नोझलवाला, उद्यमबाग

मग ट्रॅक्टरची टाकी धुऊन उपयोग काय? दोन मशीनना एकदम पाणी आलं म्हणजे पाणी टाकीच्या आधीच मिसळतंय. कॅन, बॅरल किंवा पेट्रोल पंप, या तिघांतलंच कुणीतरी.

हिशोबी, कागवाड

मी शाळेत विज्ञान शिकवतो, घरी ऊस आहे. वाफेची आणि इथेनॉलची गोष्ट प्रत्येक पावसाळ्यात ऐकतो, म्हणून आकडे मांडतो.

वाफ: ३० अंशांची पूर्ण ओली हवा एका घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी धरते, २० अंशांची १७. टाकीतली ५० लिटर रिकामी जागा रात्रीत दहा अंश थंड झाली तर गळणारं पाणी भरतं एका ग्रॅमच्याही आत. महिनोन्‌महिने उभ्या मशीनमध्ये थेंब थेंब साचेल, त्यामुळे संध्याकाळी टाकी भरून ठेवायची सवय चांगलीच. पण धुतलेल्या टाकीत थोड्या दिवसांत वाटीभर पाणी वाफेनं होत नाही.

इथेनॉल: ते पेट्रोलमध्ये मिसळतात. मोटरसायकलच्या टाकीत पाणी गेलं तर इथेनॉल पाण्याच्या बाजूला जाऊन थर पडतो, ते खरं आहे. तुमच्या ट्रॅक्टरशी त्याचा संबंध नाही.

आता पेट्रोल पंप. बीएस सहा (सध्याच्या प्रदूषण मानकाच्या) डिझेलमध्ये पाण्याची मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम. तुमच्या २०० लिटरचं वजन धरा १६६ किलो, म्हणजे मर्यादेला टेकलेल्या डिझेलमध्येही सगळं मिळून ३३ ग्रॅम पाणी. दोन मोठे चमचे. त्याहून जास्त निघालं तर ते बाहेरून आलंय एवढं पक्कं.

निपाणीकर दादांनी सांगितलेली घनता जरूर बघा, पण तिच्यावर विसंबू नका. लिटरला ८३० ग्रॅमच्या डिझेलमध्ये शंभरात एक भाग पाणी मिसळलं तर घनता होते ८३१.७. फरक लिटरला तीन ग्रॅमच्या (म्हणजे त्या ०.००३ च्या) आतच राहिला. म्हणजे बॅरलमागे दोन लिटर पाणी असूनही त्या चाचणीत माल पास. शिवाय पाणी तळाला बसतं आणि जारमध्ये नमुना येतो वरचा.

म्हणून काचेच्या बाटल्या घ्या. पाण्याच्या स्वच्छ, कोरड्या केलेल्या. एकीत पेट्रोल पंपाच्या नळीतून थेट डिझेल, दुसरीत कॅनच्या तळाचं, तिसरीत बॅरलच्या तळाचं, चौथीत बॅरलच्या वरचं. चिठ्ठ्या लावून रात्रभर हलवू नका. सकाळी उजेडासमोर धरा. चांगलं डिझेल आरपार चकाकतं. ढगाळ दिसलं तर बारीक थेंब तरंगतायत, तळाला बुडबुड्यासारखे मणी दिसले तर मोकळं पाणी.

जय_किसान_चंदगड

आमच्याकडे असं झालं की टाकीत पाव लिटर स्पिरिट ओततात. पाणी त्यात विरघळून जळून जातं. करून बघा.

नोझलवाला, उद्यमबाग

चंदगडचे पाव्हणे, राग मानू नका, पण हे करू नका आणि कुणाला सांगूही नका. स्पिरिटनं पाणी डिझेलमध्ये मिसळून राहतं आणि सेपरेटरच्या (पाणी वेगळं करणाऱ्या) वाटीत अडकायचं ते सरळ पंपात जातं. वंगण आणखी कमी होतं. शिवाय डिझेल सहज पेट घेत नाही, स्पिरिट घेतं. शेडमध्ये बिडी ओढणारी माणसं असतात. पाणी गाळायचं तर खाली बसू देऊन काढायचं. फडक्यातून गाळलं तर कचरा अडेल, पाणी खुशाल पार जाईल. पाणी अडवणारी जाळी बसवलेलं नरसाळं मिळतं, ते मात्र कामाचं.

भातकरी, खानापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजींच्या बाटल्या लावल्या. पेट्रोल पंपाच्या नळीतलं डिझेल आरपार स्वच्छ. कॅनमधलंही जवळपास तसंच. बॅरलच्या वरचं किंचित ढगाळ. आणि बॅरलच्या तळाला लांब नळी घालून काढलेल्या बाटलीत निम्म्याच्या वर पाणी, त्यावर तोच बुळबुळीत थर. म्हणजे पंपवाल्याकडून काही नाही. आम्ही चार जण तिथं भांडायला निघालो होतो, बरं झालं आधी इथं विचारलं.

पण बॅरलचं तोंड घट्ट आहे! वरचा पत्रा शाबूत, फक्त वाऱ्यानं झड आत येते आणि बॅरलच्या माथ्यावर थोडं पाणी साचून राहतं. घट्ट बुचातून पाणी आत जाणार कसं?

हिशोबी, कागवाड

तिथूनच जातंय. डिझेल दहा अंश तापलं की २०० लिटरमागे दीड लिटरच्या वर फुगतं आणि थंड झालं की तेवढंच आकसतं. दिवसा ऊन लागलं की आतली हवा बुचाच्या आट्यांतून बाहेर ढकलली जाते. रात्री आकसताना बॅरल श्वास आत घेतो, आणि बुचावर त्या वेळी हवेऐवजी पाणी असेल तर पाणीच ओढतो. अर्धं रिकामं बॅरल भरलेल्यापेक्षा जास्त ओढतं, कारण हवा डिझेलपेक्षा कितीतरी जास्त फुगते. आणि साचलेलं पाणी थोडं नसतं. बॅरलच्या माथ्याचा व्यास ५७ सेंटिमीटरच्या आसपास, कडेच्या आत दीड सेंटिमीटर पाणी थांबलं तरी साडेतीन लिटरच्या वर भरतं.

खानापूरच्या पावसात बॅरल उभं ठेवायचंच नाही. आडवं करा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं. मग बॅरल निम्म्याच्या वर भरलेलं असेपर्यंत ती आतून डिझेलनं बुडालेली राहतात, हवा ओढायला वावच नाही. उभंच ठेवायचं असेल तर खाली एका बाजूला फळी सारून कलतं करा, कुठलंही बूच खालच्या कडेला येणार नाही असं, आणि वरून पूर्ण झाकणारं काहीतरी.

अथणीचा ऊसवाला

घरी एवढं डिझेल ठेवायला परवाना लागत नाही ना? आमच्याकडे तलाठ्यानं विचारलं होतं.

निपाणीकर

एकूण २५०० लिटरच्या आत आणि कुठलंही एक भांडं १००० लिटरच्या वर नसेल तर लागत नाही. एका बॅरलची चिंता नको. जस्ताचा मुलामा दिलेल्या पिंपात मात्र ठेवू नका, डिझेलला जस्त मानवत नाही.

नोझलवाला, उद्यमबाग

खानापूरकर, आता काम. बॅरल लोळवू नका, हलवूही नका, आहे तिथंच एका बाजूनं अलगद उचलून विटेवर टेकवा म्हणजे पाणी एका कोपऱ्यात जमेल. दोन दिवस तसंच राहू दे. मग हातपंपाची नळी तळापासून वीतभर वर बांधून वरचं डिझेल स्वच्छ कॅनमध्ये काढा. प्रत्येक कॅनची बाटली भरून बघा. आरपार दिसलं तर जाळीच्या नरसाळ्यातून बिनधास्त वापरा, फेकायचं काही कारण नाही. ढगाळ असेल तर अजून थांबा. तळाचं वीतभर मात्र मशीनला नाही. ते वेगळ्या भांड्यात निवळत ठेवा, वर आलेलं डिझेल नट-बोल्ट धुवायला होईल. ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका, तुमचंच पिण्याचं पाणी आहे तिथं.

तो काळा बुळबुळीत थर म्हणजे बुरशी आणि जिवाणू. ते पाणी आणि डिझेलच्या सीमेवर वाढतात, आम्ल सोडतात आणि फिल्टर बुजवतात. पाणी संपलं की त्यांचं जगणं संपतं, म्हणून औषधाच्या मागे लागण्याआधी बॅरल पूर्ण रिकामं करून डिझेलनंच धुऊन, पुसून, उन्हात कोरडं करा. कडेला चिकटलेलं राहिलं तर तेच नव्या डिझेलला लागतं.

टाकी परत धुवावी लागेल, दोन्ही मशीनची, कारण मधल्या काळात बॅरलचंच डिझेल गेलंय. झाकणाचं रबरही बघा, कडक झालं असेल तर बदला. फिल्टर नवे घाला, पाण्यानं फुगलेला कागद वाळला तरी कामाचा राहत नाही. एअर काढून सुरू करा आणि अर्धा तास बिनलोड चालवा.

फ्युएल पंपाबद्दल विचारलंत. धूर गेला, आवाज सारखा आला, रोटर टेकवल्यावर दम टिकला, तर पंपाला हात लावू नका. उगाच उघडून खर्च वाढतो. एकाच सिलिंडरचं मिसिंग राहिलं तर फक्त नोझल काढून टेस्टरवर लावा. इंजिन थांबवायची दोरी ओढूनही बंद होत नसेल किंवा एकदम रेस घेत असेल तर मात्र चालवू नका. रॅक (पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) किंवा प्लंजर अडकतोय, पंप खाली उतरवावाच लागेल.

भातकरी, खानापूर

बॅरल कलतं केलंय. वरचं डिझेल काढलं, बाटल्या स्वच्छ दिसतायत. टिलर काल संध्याकाळी चालू झाला, धूर नाही. ट्रॅक्टरचे फिल्टर आज नंदगडच्या बाजारातून आणतो आणि दुपारी एअर काढतो. दुसऱ्या सिलिंडरचा आवाज मला आधीपासून बारीक वाटत होता, तोच राहिला तर नोझल घेऊन बेळगावला येईन. लावणी ओढ्याकडच्या खाचरापासून धरतोय, तिथं टिलरनंच भागतं.