उंदरांच्या जखमेवरची सिलिकॉन रिंग सुटते, मदत हवी आहे

उंदराच्या त्वचेखाली पॅनिक्युलस कार्नोसस हा स्नायूचा पातळ थर असतो, त्यामुळे जखम मुख्यतः आकसून बंद होते, माणसासारखी भरून येत नाही. ते आकसणं रोखायला आम्ही पाठीवर पंचने (गोल छेद पाडणाऱ्या उपकरणाने) केलेल्या 6 मिमीच्या दोन जखमांभोवती सिलिकॉन रिंग बसवतो. अडचण अशी, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही रिंगांची एक कड उचलली जाते, टाका त्वचा कापत बाहेर येतो आणि जखम आकसू लागते. मग जखमेचं घटलेलं क्षेत्रफळ आम्ही तपासत असलेल्या औषधामुळे की नुसत्या आकसण्यामुळे, हे कळतच नाही.

प्रत्येक उंदीर वेगळ्या पिंजऱ्यात आहे, वेदनाशामक चालू आहे. केस पूर्ण काढून, त्वचा कोरडी करूनच सायनोॲक्रिलेट हा गोंद लावतो, शिवाय 6-0 (खूप बारीक) नायलॉनचे टाके आणि वरून पारदर्शक फिल्म. टाके वाढवून पाहिले, पण भोवती लाली आली. नीतिसमितीने मंजूर केलेली प्राण्यांची संख्या वाढवता येणार नाही, आणि एकही प्राणी वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं.

सुटलेली रिंग भूल देऊन पुन्हा बसवली, तर ती जखम तुम्ही विश्लेषणात धरता का? की ती वगळून त्याच उंदराची दुसरी जखम तेवढी ठेवता?