उत्तर गाळात आहे, पाण्यात नाही

वर एकांनी लिहिलंय की पाण्याच्या नमुन्यात कीटकनाशक सापडलं नाही, म्हणजे तलाव सुरक्षित. हे मला पटत नाही. डीडीटी, डायएल्ड्रिन यांसारखी जुनी औषधं पाण्यात फारशी विरघळतच नाहीत. ती मातीच्या कणांना, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याला धरून तळाशी बसतात. वरचं पाणी नितळ दिसतं. खालच्या काळ्या चिखलात मात्र अळ्या आणि जलकृमी तोच गाळ खात असतात. त्यांना मासे खातात, माशांना पक्षी, आणि दर पायरीला विष चरबीत साठत जातं.

फ्लोरिडातल्या अपोपका तलावाचं उदाहरण बघा. त्याच्या उत्तर काठची दलदल १९४०च्या दशकात बांध घालून भाजीपाल्याच्या शेतीखाली आणली. पुढे सरकारने ती शेतं विकत घेतली आणि पुन्हा पाणथळ करायची म्हणून १९९८ मध्ये त्यांत पाणी सोडलं. हेतू चांगलाच होता. पक्षी थव्यांनी उतरले, उथळ पाण्यातले मासे खाल्ले, आणि त्या हिवाळ्यात पेलिकन, बगळे, करकोचे शेकडोंनी मेले. डीडीटीवर तिथे १९७२ पासूनच बंदी होती, तरी मातीत ते टिकून होतं! शेवटी पाणी उपसलं आणि पुढे बऱ्याच जमिनीत खोल नांगरट करून वरचा विषारी थर खाली गाडावा लागला.

म्हणून कळकळीने सांगतो, नमुना घ्यायचा तर तळाचा गाळही घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून शेतात पसरतात, त्याआधी तर नक्कीच.