मदत हवी आहे: एक्स्टर्नल हार्ड डिस्कचा अ‍ॅडाप्टर हरवला, दुसरा कोणता चालेल?

प्रश्न: फिरती_तबकडी

टेबलावर ठेवायची मोठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे, आत ३.५ इंची, ४ टीबी. अ‍ॅडाप्टर हरवला आहे. नुसती यूएसबी केबल जोडली तर दिवाही लागत नाही. तळाचं स्टिकर घासलं गेलंय. '१२ व्ही' एवढंच वाचता येतं, अँपिअरचा आकडा आणि पोलॅरिटीचं (पिनमध्ये प्लस कुठे, मायनस कुठे) चिन्ह पुसलंय. हाताशी एक राउटरचा अ‍ॅडाप्टर आहे, १२ व्होल्ट १ अँपिअर, आणि एक जुन्या लॅपटॉपचा, १९ व्होल्ट. पिन दोन्हींची बसते. यातला कुठला लावता येईल? डेटाची दुसरी प्रत नाही.

तांबडी_वायर

लॅपटॉपचा अ‍ॅडाप्टर आत्ताच त्या टेबलावरून उचलून ठेवा. पिन बसते म्हणूनच तो धोक्याचा आहे. डिस्क ज्यात बसवलेली असते त्या बहुतेक खोक्यांत १२ व्होल्टची लाइन जवळजवळ थेट डिस्कपर्यंत जाते, फक्त ५ व्होल्ट आतल्या सर्किटवर तयार होतात. तिथे १९ व्होल्ट गेले की डिस्कच्या बोर्डावरचा टीव्हीएस डायोड, म्हणजे जादा व्होल्टेजपासून वाचवणारा भाग, शॉर्ट होतो. नशीब बरं असेल तर नुकसान तेवढ्यावर थांबतं. नसेल तर मोटर चालवणारी चिपही जाते.

राउटरचा १ अँपिअरवालाही नको. तबकड्या फिरायला सुरुवात होते तेव्हा पहिली काही सेकंदं डिस्क १२ व्होल्टच्या लाइनवर दीड ते दोन अँपिअरपर्यंत करंट ओढते. वेग आला की हेच अर्ध्या अँपिअरच्या आसपास येतं. अशक्त अ‍ॅडाप्टर नेमका सुरुवातीलाच दबतो, व्होल्टेज खाली येतं, डिस्क थांबते, पुन्हा सुरू होते. कानाला 'सूंऽऽ–टक्, सूंऽऽ–टक्' असं ऐकू येतं. हे चक्र चालू ठेवणं हेडसाठी (तबकडीवरचा डेटा वाचणाऱ्या भागासाठी) वाईट, आणि कॉपी सुरू असताना डिस्क मध्येच गायब झाली तर फाइल सिस्टीमही बिघडते.

तुम्हाला हवा: १२ व्होल्ट डीसी, २ अँपिअर, एसएमपीएस प्रकारचा (हलका, व्होल्टेज स्थिर ठेवणारा). अशा डिस्कसोबत साधारण १.५ किंवा २ अँपिअरचा येतो. ३ किंवा ५ अँपिअरचा घेतलात तरी बिघडत नाही, डिस्क हवा तेवढाच करंट घेते. व्होल्टेजला मात्र ही सूट नाही. एकाच खोक्यात दोन डिस्क असतील तर हिशेब बदलतो, तुमची एकच आहे.

विकत घेताना अ‍ॅडाप्टरच्या लेबलवर 'आउटपुट' पुढचं चिन्ह बघा. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी. नागमोडी रेघ असेल तर तो एसी आउटपुटचा. तसल्याच पिनचे १२ व्होल्ट एसी अ‍ॅडाप्टरही असतात, ते चालत नाहीत. जुने, वजनदार, आत ट्रान्सफॉर्मर असलेलेही टाळा. त्यातल्या अनरेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज स्थिर न ठेवणाऱ्या, अ‍ॅडाप्टरवर १२ लिहिलेलं असलं तरी लोड नसताना १६ व्होल्टच्या पुढे सापडतात.

फिरती_तबकडी

धन्यवाद, दोन्ही बाजूला ठेवले. पोलॅरिटी आणि पिनची जाडी कशी ओळखायची?

मल्टीमीटर

पोलॅरिटीसाठी यूएसबी केबल आणि वीज दोन्ही काढून ठेवा. मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे बीपवर ठेवा. एक प्रोब खोक्याच्या यूएसबी सॉकेटच्या धातूच्या कडेला, दुसरा पॉवर जॅकच्या आतल्या बाजूच्या पत्र्याला, म्हणजे पिनची बाहेरची नळी जिथे टेकते तिथे. बीप वाजला तर बाहेरचा निगेटिव्ह आणि मधला काटा पॉझिटिव्ह. बहुतेक सगळ्या डिस्क अशाच असतात, तरी तपासाच. मधल्या काट्याला बीप वाजला तर उलटं. कुठेच वाजला नाही, तर सॉकेटची कड ग्राउंडला थेट जोडलेली नसेल. मग खोकं उघडून डिस्कच्या धातूच्या अंगावर प्रोब टेकवून बघावं लागेल.

पिनचं बाहेरचं माप बहुधा ५.५ मिमी. गोंधळ आतल्या भोकाचा होतो: २.१ की २.५ मिमी. २.१ ची पिन २.५ च्या काट्यावर जातच नाही, ते लगेच कळतं. उलट प्रकार फसवा. २.५ ची पिन २.१ च्या काट्यावर आरामात बसते, पण सैल राहते, आणि केबलला धक्का लागला की डिस्क बंद. पिन बसवून हलकेच हलवून बघा, काट्यावर घट्ट धरली पाहिजे.

नवा अ‍ॅडाप्टर डिस्कला लावण्याआधी मोजा: मीटर २० व्होल्ट डीसीवर, लाल प्रोब पिनच्या भोकात, काळा बाहेरच्या नळीला. ११.४ ते १२.६ च्या मध्ये आकडा हवा. आधी उणे चिन्ह दिसलं तर पोलॅरिटी उलटी. भोकात प्रोब घालताना तो बाहेरच्या नळीला टेकू देऊ नका.

कोरा_सेक्टर

अ‍ॅडाप्टरच्या भानगडीत न पडता डिस्क बाहेर काढून थेट साटा केबलने (कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कला असते तिने) कॉम्प्युटरला जोडा, असा सल्ला कुणीतरी देईलच. घाई नको. काही कंपन्यांच्या खोक्यांत यूएसबीच्या बोर्डावरच एनक्रिप्शन होतं, म्हणजे डेटा सांकेतिक रूपात लिहिला जातो, तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी. काही बोर्ड सेक्टरचा (डिस्कवरच्या डेटाच्या सर्वांत लहान कप्प्याचा) आकार बदलून दाखवतात. दोन्ही बाबतीत थेट जोडलेली डिस्क 'फॉरमॅट करायची का?' असं विचारते. तिथे 'हो' म्हणू नका; डेटा जागेवरच असतो, मूळ खोक्यातून वाचता येतो.

डिस्क काढलीच तर तिच्या स्टिकरवर '५ व्होल्ट, १२ व्होल्ट' असे दोन आकडे आणि त्यांचे अँपिअर दिसतील. ती डिस्कची चालू असतानाची गरज. अ‍ॅडाप्टर त्यावरून निवडला तर सुरुवातीच्या करंटला कमी पडतो.

फिरती_तबकडी

जॅकच्या बाहेरच्या पत्र्याला बीप वाजला, म्हणजे मधला पॉझिटिव्ह. यूएसबी-सी चार्जरवरून १२ व्होल्ट काढणारी केबल मिळते, ती चालेल का?

तांबडी_वायर

या डिस्कसाठी नको. पॉवर डिलिव्हरी चार्जर, म्हणजे व्होल्टेज बदलू शकणारे यूएसबी-सी चार्जर, ५, ९, १५, २० व्होल्ट देतात. १२ ची पायरी ऐच्छिक आहे, अनेकांत नसते. नसली की काही केबल ९ वर अडकतात, काही १५ वर जातात. एकच प्रत असलेल्या डेटावर हा प्रयोग करू नये.

साधा १२ व्होल्ट २ अँपिअर घ्या. पिन आधी डिस्कला लावा, मग भिंतीवरचं बटण चालू करा, तबकडीचा आवाज एकसारखा झाला की यूएसबी जोडा. व्होल्टेज बरोबर असूनही टकटक आली तर दोष अ‍ॅडाप्टरचा नाही, लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. नीट चालली तर पहिलं काम कॉपी. काढताना 'इजेक्ट', मग यूएसबी, मग फिरणं पूर्ण थांबल्यावर वीज.