खाडीच्या तोंडावरचे लहान दीपस्तंभ: आपले अनुभव लिहा

कुंडलिका, शास्त्री, वाशिष्ठी या नद्या समुद्राला मिळतात तेथे दर पावसाळ्यानंतर वाळूचे दांडे जागा बदलतात आणि बोटीला आत शिरण्याजोगा खोल पाण्याचा पट्टा अरुंदच उरतो. अशा मुखावरचा दिवा ज्यांनी समुद्रातून वा किनाऱ्यावरून पाहिला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रेवदंडा
आमचे घर मासेमारीचे. रात्री परतताना वडील सर्वांत आधी कोर्लईचा दिवा शोधत; मात्र ओहोटी लागलेली असेल, तर दिवा समोर दिसत असूनही बोट बाहेरच थांबवत, कारण खाडीतून ओढीने बाहेर पडणारे पाणी आणि समुद्राकडून येणारी लाट एकमेकांना भिडून मुखाशी लाटा उंच फुटतात. दिव्यावरून दिशा कळते, पाणी किती आहे हे भरतीच्या वेळेवरूनच ठरवायचे, असे ते सांगत. आता जीपीएस आहे, तरी माझा भाऊ आत शिरताना दिव्याकडे पाहतोच, आणि ते योग्यच आहे; दांडा सरकला तरी पडद्यावरचा जुना मार्ग जागचा हलत नाही.

रत्नागिरी
जयगडचा बिडाचा दीपस्तंभ मी आतून पाहिला आहे. भिंगाभोवतीची काचेची कडी आणि घासून लखलखीत ठेवलेले पितळ पाहताना दिवसा पडदे का ओढलेले असतात, असे मी विचारले. सूर्यकिरण त्या भिंगातून एकवटले तर आतल्या वस्तू जळू शकतात, असे तेथील कर्मचाऱ्यांनी समजावले. प्रत्येक दिव्याच्या लुकलुकण्याचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे घड्याळ लावून तो ओळखता येतो, हेही तेथेच कळले.

व्यापारी जहाजावरून
नॉर्वेच्या अरुंद फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरकड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या खाड्यांमध्ये, एकाच दिव्याचे रंग दिशेनुसार बदलतात. पांढरा दिसतो तोवर मार्ग ठीक. लाल किंवा हिरवा दिसू लागला की जहाज बाजूला सरकले, असे समजायचे. आपल्याही खाड्यांच्या मुखांवर असे दिवे अधिक संख्येने हवेत, असे मला मनापासून वाटते.

अलिबाग
किनाऱ्यावर आता इतके प्रखर दिवे आहेत, की त्यांच्या गर्दीतून दीपस्तंभ वेगळा काढणे समुद्रातून अवघड जाते. समुद्राकडे तोंड असलेले दिवे निदान जमिनीकडे झुकवावेत, असे मी आमच्या शेजारच्या निवासांना सांगत असतो. काहींनी ते ऐकलेही आहे.